नववा खण

आमच्या घरी सागवानाचे एक खणांचे कपाट आहे. पायांसकट उंची कमरेएवढी, रुंदी दोन हात, आणि तीन-तीनांच्या तीन ओळींत मांडलेले नऊ खण. वडिलांनी ते १९५३ साली, लग्नाच्या वर्षी, आईसाठी केले. नऊ खण आपले म्हणावयाचे. गेली पन्नासाहून अधिक वर्षे त्यात आठच आहेत. मधल्या ओळीत उजव्या हाताला जेथे नववा असावयाचा, तेथे एक काळा चौकोन आहे. घरात आलेला पाहुणा एकदा त्याकडे पाहतो आणि सभ्यपणाने दुसरीकडे पाहू लागतो.

तो खण मी मोडला. १९७४ सालच्या जुलै महिन्यात मोडला. त्याचे काय झाले ते पुढे सांगेनच. पण आधी हे सांगितले पाहिजे, की गेल्या वर्षी मुलीने हैदराबादेस स्वतःचे घर घेतले आणि आजीचे कपाट आपल्याला हवे असे कळविले. "तेवढा एक खण मात्र कोणाकडून तरी करून घ्या हं, बाबा," असे ती फोनवर सहज म्हणाली. तिच्या दृष्टीने ते काम कोणाकडूनही करून घेण्याजोगे होते. माझ्या दृष्टीने ते तसे नव्हते.

वडील मूळचे डिचोलीचे. सुतारकामाच्या शोधात गोवा सोडून ते बेळगावात आले आणि येथेच राहिले. गावात सारे त्यांना 'मेस्त' म्हणत. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी अशा तीन ओसऱ्यांवर आम्ही वाढलो. वडील मितभाषी. जे बोलत ते हत्याराच्या निमित्ताने. पटाशी दगडावर घासता घासता ते एकदा म्हणाले होते, "सांदो दिसपाखातीर न्हय, धरपाखातीर आसता." सांधा दिसण्यासाठी नसतो, धरून ठेवण्यासाठी असतो. माणसांविषयी ते बोलत होते की लाकडाविषयी, हे मी त्या वयात विचारले नाही.

खणाच्या कोपऱ्याला जो सांधा घालतात त्याला आपले सुतार आज 'डव्हटेल' म्हणतात. बाजूच्या फळीच्या टोकाला पंख्यासारख्या रुंदावत गेलेल्या शेपट्या कोरावयाच्या, दर्शनी फळीत त्यांच्या मापाची कोंदणे पाडावयाची, आणि दोन्ही एकमेकांत बसवावयाच्या. इंग्रज सुताराला त्या आकारात पारव्याची शेपटी दिसली. पोर्तुगीज आणि जर्मन सुतारांना तीच पाकोळीची वाटली. पक्षी कोणताही असो, गुण एकच. खण ओढावयाचा तो पुढच्या दिशेने, आणि पुढच्या दिशेने ही शेपटी निघूच शकत नाही. टोकाशी रुंद आणि मुळाशी अरुंद असल्यामुळे ओढाल तितकी ती अधिकच धरते. खिळा कालांतराने सैल होतो, सरस सुटतो. हा सांधा केवळ आपल्या आकाराच्या बळावर टिकतो. इजिप्तमधील प्राचीन थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही तो आढळला आहे.

खण स्वतःच्या हाताने करावयाचे मी ठरविले तेव्हा वडिलांची पेटी माळ्यावरून उतरविली. करवत, दोन रंधे, गुण्या, पाच पटाश्या. महिनाभर रोज सकाळी तासभर बसलो. परंतु चौतीस वर्षे बँकेत लेखणी चालविलेल्या माझ्या उजव्या हाताला आता कंप आहे. चहाची बशी वाजते, सही ओळखू येत नाही. या सांध्याला अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा खपत नाही, आणि माझी पहिली रेघच दोन मिलिमीटर भरकटे. महिन्याच्या शेवटी माझ्याजवळ सतरा निकामी फळ्या जमल्या. तेव्हा शहापुरात राहणारे माझे एक स्नेही घरी आले. त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत उमेदवारांना सुतारकाम शिकविण्यात आयुष्य घालविले आहे. फळ्या पाहून ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो, हात कापतो ना? मग हाताला कुंपण घाला. माझ्याकडे जिग आहे ते घेऊन जा. राउटर मात्र तुमचा तुम्ही बघा."

जिग म्हणजे एक साधी चौकट. तिच्यात दोन्ही फळ्या एकाच वेळी आवळतात: खणाची बाजू समोर उभी, दर्शनी फळी वर आडवी, दोन्हींचे आतले अंग बाहेर, आणि एक दुसरीपासून अर्ध्या घराने सरकविलेली. त्यांच्यावर फणीसारखा एक साचा बसतो. राउटर म्हणजे उभी मोटर. तिच्या खालच्या टोकाच्या चिमट्यात पाते धरलेले असते आणि ते मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेते. यंत्राच्या तळाला पात्याभोवती एक छोटी नळी बसवितात, तिला बुश म्हणतात. ही नळी फणीच्या दात्यांना घासत आत-बाहेर फिरली की एकाच फेरीत उभ्या फळीला शेपट्या आणि आडव्या फळीला कोंदणे पडतात. हात कितीही कापला तरी नळी दात्याबाहेर जाऊ शकत नाही. कुंपण म्हणजे काय ते मला त्या वेळी समजले.

राउटर घ्यावयास बाजारात गेलो. दुकानदार तरुण, आर्जवी. त्याने काचेवर दोन यंत्रे मांडली. एक मुठीत मावणारे, दीड किलोचे, सहा मिलिमीटरच्या चिमट्याचे. प्लायवुडवर चिकटविलेल्या सनमायकाच्या कडा तासण्यासाठी आजकाल प्रत्येक सुताराच्या पिशवीत ते असते. दुसरे दांडगे, साडेपाच किलोचे, बारा मिलिमीटरच्या चिमट्याचे. दोन्ही बाजूंना मुठी आणि वर-खाली होणाऱ्या स्प्रिंगांचे खांब. "काका, एकदाच घेताय ना, मग मोठंच घ्या. पुढं अडायला नको," तो म्हणाला. शक्ती अधिक ते यंत्र अधिक चांगले, हा सल्ला इतका स्वाभाविक आहे की मी पाकिटात हात घातलाही होता. पण मुलीचे शिक्षण, आईचे आजारपण, घराचे कर्ज अशा सर्व प्रसंगी आकडेमोड केल्याशिवाय निर्णय न घेण्याची बँकेतली सवय आड आली. "उद्या येतो," म्हणालो आणि घरी येऊन जिगच्या पात्याचे माप घेतले.

त्या मापाने सारे गणित फिरविले. या जिगला चौदा अंशांचे, अर्धा इंच व्यासाचे पाते लागते आणि सात-सोळांश इंची, म्हणजे सुमारे अकरा मिलिमीटरची नळी. पात्याचा दांडा या नळीच्या आतून जावयाचा. मग बारा मिलिमीटरचा दांडा अकरा मिलिमीटरच्या नळीतून जाणार कसा? या नळीला पाव इंच किंवा आठ मिलिमीटर दांड्याची पाती चालतात. त्या दांडग्या यंत्राचा मोठा चिमटा मला निरुपयोगी होता. त्यात लहान दांडा धरावयाचा तर वेगळी चिमटी घालावी लागली असती.

मुठीतल्या यंत्राची अडचण निराळी. या सांध्याचे पाते तळाशी रुंद असल्यामुळे खोली थोडी थोडी वाढवीत काम करता येत नाही. पहिल्याच फेरीत ते पुरत्या खोलीवर चालवावे लागते. सागवानासारख्या लाकडात, ज्यातील वाळूसारखा अंश धार खातो, एवढे काम एका दमात काढावयाचे तर सहा मिलिमीटरचा दांडा थरथरतो. शिवाय ६ मिलिमीटर आणि पाव इंच हे एक नव्हे. पाव इंच म्हणजे ६.३५. दुकानात 'तेच ते' म्हणून दिलेला दांडा चिमट्यात शिरत नाही, आणि उलट बाजूने सैल धरला तर पाते फिरता फिरता निसटते. आठ मिलिमीटर हा मधला दांडा नळीतून जातो आणि ताठही राहतो.

राहिला स्प्रिंगांचा प्रश्न. सरळ पात्याला यंत्र वरून लाकडात उतरविणे आणि काम संपताच उचलणे सोयीचे असते. येथे तीच सोय घात करते. मी ते अनुभवाने शिकलो. स्नेह्यांचे जुने स्प्रिंगचे यंत्र सरावासाठी आणले होते. तिसऱ्या फळीच्या शेवटी, सवयीने, चालू यंत्र मी वर उचलले. तळाशी रुंद असलेले पाते वर येताना शेपटीला उखडून आले आणि साच्याच्या एका दात्याचा लचका तोडून गेले. आवाज असा झाला की शेजारच्या घरातून "काय झालं हो?" म्हणून हाक आली. मोटर बंद केली आणि बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसलो. माझे बोट त्या दात्यापासून चार अंगुळे दूर होते, एवढेच. यंत्राचा दोष नव्हता. पाते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र साच्यावरून हलवू नये हा पहिला नियम मला सांगितलेला होता. स्नेह्यांना दाता दाखविला तेव्हा ते म्हणाले, "कानशीने घासून घ्या. माझ्या विद्यार्थ्यांनी याहून जास्त खाल्लेत."

तेव्हा मला उमगले की मी शक्ती शोधीत नव्हतो. मला स्थैर्य हवे होते. साच्यावर यंत्राचा अर्धाच तळ टेकतो, पुढचा अर्धा हवेत असतो. डोके जड असले की ते पुढे कलते, आणि कलले की पाते लाकडात घुसते. म्हणून बुटके, रुंद तळाचे, स्थिर बैठकीचे यंत्र. खोली एकदा लावली की न घसरणारी पकड, आणि ती केसभर कमी-जास्त करणारा स्क्रू. कारण या सांध्याची घट्टाई खोलीवरच ठरते. पाते खाली नेले की सांधा घट्ट होतो, वर घेतले की सैल. पाव मिलिमीटरने जुळते आणि पाव मिलिमीटरने बिघडते. चालू होताना झटका न देता हळूहळू वेग घेणारी मोटर, कारण कापऱ्या हाताला पहिला झटकाच भारी. आणि नळी पात्याशी बरोबर मध्यभागी बसणारी. तसे नसेल तर यंत्र हातात जरा फिरले की मापही फिरते. त्याला उपाय म्हणून तळावर खडूने खूण करून ती बाजू नेहमी आपल्याकडे ठेवावी. एवढी यादी कागदावर लिहून पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने ती वाचली, कपाटामागून एक खोके काढले, त्यावरची धूळ फुंकली. नऊशे वॅटचे, आठ मिलिमीटर चिमट्याचे, स्थिर बैठकीचे यंत्र. "हे कुणी मागत नाही," तो म्हणाला. मी ते घेतले.

आता मोडलेल्या खणाकडे येतो.

१९७४ साली मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. मी कारखान्यात आपल्या शेजारी उभे राहावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी ती बोलून दाखविली नाही. माझ्यासाठी नवा रंधा करून ठेवला, इतकेच. मला महाविद्यालयात जावयाचे होते. प्रवेशाची अखेरची तारीख दुसऱ्या दिवशी होती, वडील चंदगडकडे एका घराच्या कामावर गेले होते, आणि माझा दाखला त्या नवव्या खणात होता. कपाटातला कुलपाचा खण तेवढाच. मी ओढला, हलेना. किल्ली सापडेना. वडिलांनी मुद्दाम कुलूप घालून किल्ली बरोबर नेली, याविषयी माझ्या मनात शंकाही उरली नाही. त्यांचीच पटाशी घेऊन मी ती फळी उचकटली. दर्शनी फळी मधोमध उभी फाटली, पण कोपरे सुटले नाहीत. लाकूड गेले, सांधा राहिला. मी दाखला घेतला आणि गेलो.

चार दिवसांनी वडील आले. खण पाहिला. रागावले नाहीत. आईने "दुरुस्त करा तो," म्हटल्यावर एवढेच बोलले, "जाणें मोडलो, ताणेंच करचो." ज्याने मोडला त्यानेच तो करावा. मी शिकलो, नोकरीला लागलो, पैसे घरी देत राहिलो. पण त्या विषयावर आम्ही दोघे पुन्हा बोललो नाही. १९९१ साली ते गेले. खणाच्या बाजू आंब्याच्या होत्या. त्या परसातल्या खोपटात वाळवीने खाल्ल्या. फाटलेल्या दर्शनी फळीचे दोन तुकडे तेवढे वडिलांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेले सापडले. बाजूच्या शेपट्यांचे खुंट अजून त्यांच्या कोंदणांत रुतलेले होते.

नव्या खणाची मापे घेण्यासाठी मी ते तुकडे टेबलावर ठेवले. एकाला पितळी कुलूप तसेच जडलेले होते. कुलपाची जीभ आत होती. आधी त्याचे मला काही वाटले नाही. मग कपाटाच्या रिकाम्या तोंडात हात घालून, जीभ जेथे शिरावयाची ती वरच्या पट्टीतील खाच बोटाने चाचपली. तिच्या कडा सरळ, शाबूत. विजेरी लावून पाहिले; एक ओरखडासुद्धा नव्हता. जीभ वर असती तर मी उचकटताना ती खाच फाटलीच असती.

खणाला कुलूप नव्हतेच. जुलै महिना होता. बेळगावच्या पावसात आंब्याचे लाकूड फुगते, आणि फुगलेला खण अडतो. आमच्या घरी दर आषाढात सगळे खण अडत. आई त्यांच्या कडांना मेणबत्ती घासत असे. सुताराच्या घरात सोळा वर्षे राहून मला हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? ठाऊक होते. पण अडलेला खण मला नको होता. कुलूप हवे होते. घर सोडून जाणाऱ्या मुलाला दार कोणीतरी बंद केलेले असले म्हणजे बरे पडते. वडिलांनी मोडका खण हातात घेतला तेव्हा जीभ कोठे आहे हे त्यांना क्षणात दिसले असणार. त्यांनी सांगितले नाही. मी विचारले असते तर कदाचित सांगितले असते. हे लिहिताना त्या मौनाचा अर्थ लावण्याचा मोह होतो; परंतु ज्याने एकदा बंद खणाचा अर्थ लावून पाहिला आहे, त्याने दुसऱ्यांदा सावध राहावे हे बरे.

खण केला. दांडा चिमट्यात तळाला टेकवून मग दोन मिलिमीटर वर घेतला, चिमटा आवळला. पाते बदलताना विजेची पिन काढून ठेवली. कानांवर बोंडे आणि नाकावर मुखपट्टी, कारण लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते हे आता निश्चित झाले आहे. पहिली फेरी उजवीकडून डावीकडे, नुसती कड खरवडून, म्हणजे पुढे लाकडाचे तंतू उखडत नाहीत. दुसरी डावीकडून उजवीकडे, दात्यांच्या तळापर्यंत. टाकाऊ फळ्यांवर चार वेळा जोडून पाहिले. पहिला सांधा सैल, पाते खाली. दुसरा इतका घट्ट की फळी चिरली, पाते वर. चौथा हाताच्या तळव्याने दाबून बसला. त्या दिवशी राउटर मुठीत होते तोवर माझा हात कापला नाही. अथवा कापला असेल, पण फणीने ते लाकडाला कळू दिले नाही.

वडिलांच्या खणांशेजारी माझा खण ठेवला की फरक लपत नाही. त्यांची चढण आठाला एक, सौम्य; यंत्राची चाराला एक, पसरट. त्यांच्या दोन शेपट्यांमधली खुंटी टोकाशी काडीएवढी बारीक. तितकी बारीक पात्याला करताच येत नाही. त्यांच्या खणात शेपट्या फळीच्या मापाने वाटल्या आहेत. माझ्या साच्याचे घर सात-अष्टमांश इंचाचे ठरलेले, त्याची सात घरे म्हणजे सहा इंच आणि वर एक अष्टमांश. खणाचे तोंड सहा इंचांचे. म्हणून खालच्या कडेला माझी शेवटची शेपटी छाटलेली आहे. दाते सरकविता येणारा महाग जिग घेतला असता तर हे टळले असते. मी टाळले नाही. खण बंद असताना ती दिसत नाही, आणि उघडला म्हणजे कोणी केला ते कळावे.

उंचीला दोन मिलिमीटर जागा सोडली. मेण लावले. कुलूप बसविले नाही. ते फडक्यात गुंडाळून खणाच्या आत ठेवले आहे. यंदाच्या आषाढात, सलग सहा दिवस पाऊस पडल्यावर, मी नववा खण ओढून पाहिला. जरा रेंगाळला, आणि आला.

दिवाळीनंतर कपाट हैदराबादेस जाईल. तेथली हवा कोरडी. हा खण तेथे थोडा सैल वाटेल. मुलीला मी सांगून ठेवले आहे, की वाटला तर वाटू दे, घट्ट करू नकोस. आणि पावसाळ्यात कधी अडलाच, तर पटाशी घेण्याआधी मला एक फोन कर.